भरल्या डिकीचे शून्य

मित्रांनो, मला कोणी जुना म्हटले तर मी रागावत नाही, कारण मी जुना आहेच. ‘बिघडलेला’ हा शब्द मात्र मी एकदा माझ्या नावासमोर लिहिलेला पाहिला आहे, आणि तो खोटा होता. म्हणून हे आत्मवृत्त. ज्यांच्यावर कोणी खोटा शेरा मारलेला नसतो, त्यांना आपले आयुष्य सांगत बसण्याची फारशी गरज पडत नाही.

मी एका मोटारीच्या हेडलाइटसाठी काम करणारा सेन्सर आहे. आकार आगपेटीएवढा, रंग काळा, वजन साठ ग्रॅम. माझे घर गाडीच्या पोटाखाली, मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला आहे. माझ्या अंगातून एक लहानसा हात बाहेर येतो. त्या हाताला चार बोटे लांबीची एक दांडी जोडलेली असते आणि दांडीचे दुसरे टोक चाकाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी भुजेत अडकवलेले असते. डिकीत ओझे पडले की गाडी मागे बसते, दांडी माझा हात वर ढकलते आणि मी पुढे कळवतो, ‘मागे वजन आहे, नाक वर झाले आहे, दिव्यांनी नजर खाली घ्यावी.’ दिव्यांमागच्या चिमुकल्या मोटारी लगेच दिवे झुकवतात. असे केले नाही तर झोत रस्ता सोडून समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो.

म्हणजे पाहा, माझ्यासाठी पैसे मोजणारा एक, आणि ज्याला माझा लाभ होतो तो भलताच कोणी. तो समोरून येतो, निघून जातो, आणि आपले डोळे कोणी वाचवले हे त्याला कधी कळत नाही. परोपकारावर मोठमोठे ग्रंथ लिहिणाऱ्यांनी गाडीखाली वाकून पाहण्याची तसदी घेतलेली दिसत नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. डोक्याला टोपी बांधलेल्या एका तपासनीस बाईंनी माझा हात वर-खाली केला, समोरच्या पडद्यावरची रेघ पाहिली आणि त्या म्हणाल्या, “चांगला आहे.” मग त्यांनी मला खोक्यात ठेवले. पुढच्या नऊ वर्षांत मला मिळालेली ही एकमेव शाबासकी.

गाडीला बसवल्यावर माझे शून्य घेतले गेले. शून्य घेणे म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण पुढची सारी हकिगत त्याच्यावरच उभी आहे. गाडी सपाट फरशीवर उभी करतात. आत माणूस नाही, सामान नाही. मग मला सांगतात, ‘या स्थितीला ओझे नाही असे समज.’ त्यानंतर मी जे काही मोजतो ते त्या एका क्षणावरून मोजतो. तो क्षण खरा असेल तर मी जन्मभर खरा. तो खोटा असेल तर मी कितीही प्रामाणिक असलो तरी रोज, न चुकता, खोटेच सांगेन.

माझी गाडी घेतली ती वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका बाईंनी. बाजारात सगळे त्यांना काटेताई म्हणत. आधी त्यांचे वडील हेच काम करीत. आता ते पंचाहत्तरीला आले होते, पण गाडीतली डावीकडची जागा त्यांनी सोडली नव्हती आणि लेकीला टोमणे मारण्याचा हक्कही सोडला नव्हता. डिकीत काटे तपासण्याचे आठ लोखंडी ठोकळे असत, प्रत्येकी वीस किलोचे. बाजार उजाडण्याच्या आत सुरू होई, त्याआधी काटे तपासून व्हायला हवेत, म्हणून दोघे अंधारातच घर सोडत.

ते ठोकळे डिकीतून बाहेर पडत ते फक्त दुकानापुरते. काम झाले की पुन्हा आत. घरी ते कधीच उतरवले जात नसत. घरातल्या खांबाला जसा कोणी पाहुणा समजत नाही, तसे त्या ठोकळ्यांना कोणी सामान समजत नव्हते. मी मात्र समजत होतो. नऊ वर्षे मी रोज पहाटे कळवीत राहिलो, ‘मागे वजन आहे,’ आणि नऊ वर्षे दिवे अदबीने खाली पाहत राहिले. कोणी समोरून डोळे मिचकावले नाहीत, कोणी शिव्या दिल्या नाहीत. चांगल्या कामाची ओळख एवढीच की ते कोणाच्या लक्षात येत नाही.

चिखल, खडी आणि गंज यांनी शेवटी माझ्या दांडीचे टोक खाल्ले. एका सकाळी ते खोबणीतून निसटले. माझा हात अधांतरी लोंबू लागला आणि मी जे कळवले त्याला काही अर्थ उरला नाही. गाडीने शहाण्यासारखे केले. खात्री नाही म्हटल्यावर तिने दिवे पार खाली टाकले आणि काटेताईंच्या समोर एक पिवळी खूण पेटवली. आता चार पावलांपुढचे दिसेना.

गाडी कंपनीच्या कार्यशाळेत गेली. तिथे सल्लागार नावाचा एक गृहस्थ असे. तो गाडीखाली कधी वाकला नव्हता. त्याच्या विजारीची कडक इस्त्री त्याला साक्ष होती. त्याने गाडीला यंत्र जोडले. पडद्यावर ओळ उमटली, ‘मागील सेन्सर : संदेश अमान्य.’ त्याने कागदावर लिहिले, ‘मागील सेन्सर : बिघडलेला.’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे, मित्रांनो, ते ओलांडायला विद्वानांना कधीकधी शतक लागते. या गृहस्थाला अर्धे मिनिट लागले.

“सेन्सर गेलाय, ताई. बदलावा लागेल.”

“गेलाय म्हणजे कुठं गेलाय?” ताईंच्या बाबांनी विचारले. “वाकून बघितलंत का?”

“आजोबा, आता वाकून बघायचे दिवस राहिले नाहीत. पडदाच सगळं सांगतो.”

तेव्हा बाबा स्वतः वाकले. एक गुडघा टेकून, एक हात चाकावर ठेवून त्यांनी आत डोकावले. “अगं, हा तर धडधाकट आहे. नुसती दांडी निसटलीय. लटकतोय बिचारा.”

“मग दांडी द्या बदलून,” काटेताई म्हणाल्या.

“दांडी वेगळी येत नाही, ताई. पूर्ण संच येतो.”

“शर्टाचं बटण तुटलं की तुम्ही शर्ट टाकता?”

“बटण वेगळं मिळतं ना. हे मिळत नाही.”

त्यात विनोद नव्हता, तो अगदी मनापासून बोलला होता. मग त्याने जो आकडा सांगितला तो ताईंच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढा होता. चार बोटांच्या दांडीसाठी. मी रागावलो नाही. राग गरम असतो, आणि मला उष्णतेपासून जपायला शिकवलेले आहे. मी फक्त ते लक्षात ठेवले.

अंधारात गाडी चालवायची तर दुसरा इलाज नव्हता. ताईंनी मान हलवली. बाबांनी मात्र एक अट घातली. “काढलेला भाग आमच्या हातात द्यायचा. आमच्या धंद्यात तशीच रीत आहे.”

कारागिराने मला काढले आणि माझ्या जागी माझ्यासारखाच, पण कोरा सेन्सर बसवला. मग मला परत द्यायचे म्हणून त्याने डिकी उघडली. आठ ठोकळे पाहिले. मला त्यांच्यावर ठेवले. डिकी लावली. आणि मग नव्या सेन्सरचे शून्य घेतले.

एकशे साठ किलो लोखंड मागे ठेवून त्या कोवळ्या जीवाला सांगितले गेले, ‘याला ओझे नाही असे समज.’ त्याने ते मानले. पढवलेले मानायचे, हेच त्याचे आणि माझे शिक्षण. पडद्यावर हिरवी अक्षरे आली, ‘पूर्ण.’ समोरच्या भिंतीवर झोत तपासण्यासाठी एक आडवी रेघ आखलेली होती, पण रांगेत चार गाड्या होत्या आणि अक्षरे हिरवी होती, म्हणून भिंतीकडे कोणी पाहिले नाही. त्या चुकीत साठ ग्रॅमचा भागीदार मीही होतो, हे मी लपवणार नाही. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो.

काटेताई त्या वेळी शेजारच्या खोलीत काचेआड बसून पावतीवर सही करीत होत्या, आणि बाबा त्यांच्या शेजारी होते.

दुसऱ्या दिवसापासून समोरच्या गाड्या दिवे मिचकावू लागल्या. नाक वर, आणि दिवे मान ताठ करून सरळ समोर. ताईंना ते आधी कळलेच नाही. आपल्या झोताचा त्रास आपल्याला कधीच होत नसतो. चौथ्या पहाटे, एका अरुंद वळणावर, सायकलवरून वर्तमानपत्रे टाकणारे एक वयस्क गृहस्थ समोरून आले, त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि सायकलसकट चरात गेले. ताई धावल्या. गुडघा सोलला होता, चष्म्याची काडी मोडली होती आणि जगभरच्या बातम्या चिखलात पसरल्या होत्या.

“बाई, दिवे आहेत की सूर्य?” ते गृहस्थ चरातूनच म्हणाले. “मला रस्ताच दिसेना हो!”

“चुकलं माझं. लागलं का फार?”

“मला काय व्हायचंय! पण माझ्या जागी एखादं लेकरू असतं तर?”

ताईंनी त्यांना हात देऊन चरातून वर घेतले. बाबा वर्तमानपत्रे गोळा करीत होते. दोघांनी त्या गृहस्थांना घरापर्यंत सोडले आणि परतताना ताई म्हणाल्या, “दुरुस्त होईपर्यंत अंधारात गाडी काढायची नाही.”

मित्रांनो, हा निर्णय बोलायला सोपा होता. पण अंधारात गाडी काढायची नाही म्हणजे बाजार नाही, आणि बाजार नाही म्हणजे बापाच्या हातून लेकीच्या हातात आलेले ते काम नाही. त्या पुन्हा कार्यशाळेत गेल्या. सल्लागाराने यंत्र जोडले. यंत्राला काहीच दोष दिसला नाही, कारण दोष यंत्राच्याच हातून झाला होता.

“मग नियंत्रण पेटी गेली असणार,” तो म्हणाला. “आणि जुने दिवेही दोन्ही बदलून घ्या, म्हणजे कटकट नको.” या वेळचा आकडा गाडीच्या निम्म्या किमतीएवढा होता.

“पुढच्या वेळी काय बदलाल? मला?” बाबांनी विचारले.

घरी येऊन ताईंनी गाडी विकायचे ठरवले. गिऱ्हाईक सोमवारी दुपारी येणार होते. ताई एका मोठ्या दुकानात नोकरीबद्दल विचारून आल्या. बाबा त्या संध्याकाळी एकही टोमणा मारू शकले नाहीत. मी ताईंच्या अवजारांच्या पेटीत, पान्ह्यांच्या शेजारी पडलो होतो. बाबांनीच मला तिथे ठेवले होते. सारे मला ठाऊक होते, आणि मला विचारणारे कोणी नव्हते. ज्ञानाची ही अवस्था इतिहासात नवीन नाही.

शनिवारी, दिवसाढवळ्या, जवळच्या एका धान्यवाल्याने ताईंना बोलावले. पेटी घेऊन त्या चालत गेल्या, बाबा मागोमाग.

“ताई, हा काटा फेकून द्या,” धान्यवाला हातवारे करीत म्हणाला. “मला बुडवायला बसलाय. दर वेळी कमी दाखवतो आणि मी गिऱ्हाइकाला जास्त माल देतो. नवा आणा.”

ताईंनी काटा बंद करून पुन्हा सुरू केला, पारड्यावर एक किलोचे वजन ठेवले. बरोबर एक किलो दाखवले.

“काटा चांगला आहे. सकाळी सुरू करताना यावर काय होतं?”

“काही नव्हतं.” मग तो थोडा थांबला. “म्हणजे, टोपली होती. पण ती काय, रोजच तिथं असते.”

“अहो, काटा सुरू होताना जे वर असेल त्याला शून्य समजतो! टोपलीसकट शून्य घेतलंत, मग टोपली उचललीत. तो बिचारा तुम्ही सांगितलं तेच बोलतोय. किती वेळा सांगितलं, शून्य घ्यायच्या आधी पारडं रिकामं करा!”

“हो हो, पण रोजच तिथं असते ना, दिसतच नाही ती.”

ताईंनी हळूच म्हणून पाहिले, “रोजच तिथं असते.” मग त्यांनी वळून बाबांकडे पाहिले. बाबा पेटीत माझ्याकडे पाहत होते.

“बाबा, त्या कारागिरानं हा जुना सेन्सर कुठं ठेवला होता?”

“डिकीत. ठोकळ्यांवर.”

“नव्याचं शून्य घ्यायच्या आधी की नंतर?”

बाबा एका पोत्यावर बसले आणि इतके हसले की धान्यवाल्याने त्यांना पाणी आणून दिले. “अगं, गावभर लोकांची पारडी रिकामी करत फिरतेस,” ते डोळे पुसत म्हणाले, “आणि स्वतःचं पारडं भरून घेऊन गेलीस की!”

“तुम्ही पण होतात शेजारी!”

“मी म्हाताऱ्या माणसांत मोडतो. मला सूट आहे.”

सोमवारी सकाळी दार उघडताच दोघे कार्यशाळेत हजर झाले. ठोकळे घरी उतरवून ठेवले होते. ताईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी कार्यशाळेची पुस्तिका मागितली. ती शोधायला वेळ लागला, कारण तिच्यावर दोन पंखे आणि एक छत्री ठेवलेली होती. शून्य घेण्याच्या पानावरची पहिलीच ओळ ताईंनी मोठ्याने वाचली, “गाडी रिकामी असावी, जमीन सपाट असावी, चाकांत पुरेशी हवा असावी.” मनुष्यजात लिहिते फार. वाचण्याचे काम तिने बहुधा पुढच्या पिढीवर सोपवलेले आहे.

“ताई, स्क्रीनवर पूर्ण झालं असं आलं होतं,” सल्लागार म्हणाला.

“शून्य घेताना डिकीत काय होतं, ते सांगा.”

सल्लागाराने कारागिराकडे पाहिले. कारागीर खाली बघत म्हणाला, “ठोकळे होते. मीच तर सेन्सर त्यांच्यावर ठेवला. मला वाटलं, ते गाडीतलेच आहेत.”

“मलाही नऊ वर्षं तसंच वाटत होतं,” ताई म्हणाल्या. “चूक तुमची आहे आणि माझीही आहे. आता रिकाम्या गाडीवर पुन्हा घ्या. आणि या वेळी भिंतीकडे बघा.”

शून्य पुन्हा घेतले गेले. भिंतीवर, आखलेल्या रेघेच्या वीतभर वर चढून बसलेला झोत सावकाश खाली आला आणि रेघेवर येऊन थांबला. मग कारागिराने आपणहून कोपऱ्यातली जड लोखंडी पेटी आणून डिकीत ठेवली. गाडी मागे बसली, दिव्यांनी आपली नजर खाली घेतली, झोत रेघेवरून हलला नाही. नियंत्रण पेटी ठीक होती, दोन्ही दिवे ठीक होते. पहिल्या बिलाची रक्कम कोणी परत केली नाही. ताईंनी मागितली, आणि त्यांना एक फॉर्म देण्यात आला.

दुपारी गिऱ्हाइकाचा फोन आला तो बाबांनी घेतला. “गाडी विकायची नाही हो. पण बघायला जरूर या, झोत फार सुंदर पडतो!”

मी पेटीतच राहिलो. एकदा सुट्टीच्या दिवशी ताईंनी मला पुसले, माझा हात हळूहळू फिरवला, मीटरवरचे आकडे पाहिले आणि त्या म्हणाल्या, “चांगला आहे.” आयुष्यातली दुसरी शाबासकी. बाबांनी एका मोडीत निघालेल्या काट्यातून पितळी सळई कापली आणि तिच्या दोन्ही टोकांना सांधे बसवून माझ्यासाठी नवी दांडी केली. तिला गंज खाणार नाही. ‘वेगळी येत नाही’ म्हणतात ती हीच.

दोन वर्षांनी रस्त्यावरचा एक दगड उडून माझ्या वारसदाराच्या अंगाला तडा गेला आणि आत पाणी शिरले. तो मात्र खरेच बिघडला. हे मी आनंदाने सांगत नाही. फारशा आनंदाने नाही. सल्लागाराने सवयीने पूर्ण संचाचा आकडा सांगितला, आणि ताईंनी पेटीतून मला काढून कारागिराच्या हातात ठेवले.

कारागीर आता शून्य घेण्याआधी कोणतीही गाडी असो, डिकी स्वतः उघडून बघतो. भिंतीवरच्या रेघेशेजारी त्याने खडूने लिहून ठेवले आहे, ‘आधी डिकी.’ या कार्यशाळेत लिहिलेले आणि रोज वाचले जाणारे हे एकमेव वाक्य असावे. त्या दिवशी त्याने डिकी पाहिली, मागची बाजू पाहिली, आणि मग पुढे येऊन थबकला.

“बाबा, उतरा,” ताई म्हणाल्या.

“मी? मी काय सामान आहे?”

“पंच्याहत्तर किलो आहात. परवाच आपल्या काट्यावर मोजलंय.”

“बहात्तर! त्या दिवशी माझ्या खिशात पान्हे होते.”

“म्हणूनच म्हणते, उतरा. रिकामं व्हायला हवं.”

बाबा पुटपुटत उतरले. गाडी रिकामी झाली आणि मला पुन्हा एकदा सांगितले गेले, ‘याला ओझे नाही असे समज.’ या वेळी ते खरे होते.

तेव्हापासून मी इथे आहे, चाकाच्या आत, पितळी दांडीसह, आणि समाधानाने आहे. माझी तुमच्याकडे फार मोठी मागणी नाही. एखाद्या गोष्टीवर ‘बिघडलेली’ असा शेरा मारण्याआधी एकदा गुडघा टेकून खाली बघा. निसटली असेल ती कदाचित चार बोटांची दांडीच असेल. आणि ज्याच्याकडून खरे मोजमाप हवे आहे, त्याला पहिला धडा देताना आपण मागे काय ठेवले आहे, तेही उघडून पाहा. जे रोजच तिथे असते, ते आधी पाहा.

आजही पहाटे त्या अरुंद वळणावर वर्तमानपत्रे घेऊन सायकल येते. ठोकळे डिकीत असतात, मी पुढे कळवतो, दिवे झुकतात. ते वयस्क गृहस्थ डोळ्यांवर हात धरत नाहीत. ते तोच हात उंचावून काटेताईंना ‘काय, बाजाराला का?’ अशी खूण करतात आणि पुढे जातात. माझ्याकडे ते पाहत नाहीत. त्यांना रस्ता दिसतो आहे.